पुरावा कोणापुढें ठेवावयाचा?

सुताराची परीक्षा घ्यावयाची असल्यास त्याला एक चौरंग करावयास सांगावें; चौरंग डुगडुगला तर सुतार कच्चा, हें ठरविण्यास मोठ्या पंडिताची जरूर लागत नाहीं. गवयाची परीक्षा मैफलींत होते आणि स्वयंपाकाची पंक्तींत. शिक्षकाचें काम मात्र असें समोर मांडून पाहतां येत नाहीं. तें दुसऱ्याच्या मनांत उमटतें, पुष्कळदां उशिरां उमटतें, आणि त्यांत घरच्या वळणाचा वांटा किती, मुलाच्या बुद्धीचा किती व शिक्षकाचा किती, हें वेगळें काढणें दुष्कर असतें. असें असूनही एखाद्या तरुणाच्या हातीं चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सोंपविण्यापूर्वीं ‘याला शिकवितां येतें’ असें कोणी तरी म्हणावेंच लागतें. तें कोणत्या आधारावर म्हणावयाचें, हा अध्यापक-शिक्षणांतील फार जुना आणि अद्यापि न सुटलेला प्रश्न होय.

हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या पंडितांचाच आहे असें वाचकांनीं समजूं नये. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं शाळेंत जाणारें मूल आहे, आणि पुष्कळांच्या घरीं बी. एड्. करणारी मुलगी, सून किंवा भाचाही आहे. अयोग्य मनुष्य वर्गावर गेला तर पहिल्याचें नुकसान होतें; योग्य मनुष्य चुकीच्या कसोटीनें मागें फिरविला गेला तर दुसऱ्याचें. एकाच घरांत दोन्ही बाजूंचा तोटा संभवतो. म्हणून या विषयाकडे उभय बाजूंनीं पाहणें अवश्य आहे.

आजवर या कामीं मुख्यतः दोन उपाय योजिले गेले. पहिला लेखी परीक्षेचा. आपल्या महाराष्ट्रांत २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आहे. तिच्या एका प्रश्नपत्रिकेंत १५० प्रश्न असतात व प्रत्येकाच्या चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो. अशा परीक्षेनें उमेदवाराला काय ठाऊक आहे याचा कांहींसा अंदाज येतो. परंतु पोहण्याचे नियम पाठ म्हणून दाखविणारा पाण्यांत टिकेलच असें नाहीं. दुसरा उपाय निरीक्षणाचा: छात्राध्यापकानें पाठ घ्यावा, निरीक्षकानें मागच्या बांकावर बसून पाहावा आणि गुण द्यावे. हा उपाय दिसण्यांत निर्दोष आहे. परंतु त्याचा दोष आम्हांस पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. त्यांत आमचाच हात आहे, म्हणून तो येथें सांगणें आम्ही कर्तव्य समजतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका अध्यापक महाविद्यालयाच्या वतीनें पाठनिरीक्षणास जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला. वर्ग सहावीचा, विषय भूगोल, घटक जलचक्र. छात्राध्यापिकेचें टाचण इतकें टापटिपीचें होतें कीं, तें चौकटींत लावून ठेवावें. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, सारें यथाक्रम. रंगीत खडूंनीं काढलेला समुद्र, त्यावरून उठणारी वाफ, ढग, डोंगर आणि पाऊस. मुलें इतक्या तत्परतेनें उत्तरें देत होतीं कीं, एकदोनदां प्रश्न पुरा होण्यापूर्वींच उत्तर आलें. आदल्या दिवशीं पाठाची उजळणी झाली असावी, हें आम्हीं ओळखलें आणि सवयीनें त्याकडे दुर्लक्ष केलें. पाठ संपत आला असतां खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, मग आमच्या विहिरीचं पाणी मार्चात कुठं जातं? पाऊस तर मोप पडतो.” बाईंनीं घड्याळाकडे पाहिलें, एकवार आमच्याकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, “खाली बस, ते आपण नंतर बघू.” मुलगा बसला. ठरल्या वेळीं पाठ संपला. आम्हीं अभिप्रायांत ‘वर्गनियंत्रण उत्तम, वेळेचें नियोजन चांगलें’ असें लिहिलें आणि भरपूर गुण दिले.

घरीं परततांना तो मुलगा आमच्या ध्यानांत आला. त्या पस्तीस मिनिटांत खऱ्या शिक्षणाचा जर कोणता क्षण आला असेल तर तो त्याच्या प्रश्नाचा. जलचक्राचा तक्ता त्या मुलानें आपल्या गांवच्या विहिरीशीं ताडून पाहिला होता, आणि त्याला त्यांत एक जागा रिकामी दिसली होती. तो क्षण आमच्या गुणपत्रिकेंतील एकाही रकान्यांत बसत नव्हता. किंबहुना तो नियंत्रणाच्या रकान्यांत बसला, आणि तोही उलट्या बाजूनें. बाईंनीं नंतर त्याला उत्तर दिलें किंवा नाहीं, हें आम्ही विचारलेंही नाहीं.

म्हणून जेव्हां अमेरिकेंतील एका निराळ्या प्रयोगाची माहिती आमच्या वाचनांत आली, तेव्हां आमचें कुतूहल जागें झालें. त्या प्रयोगाचें तत्त्व थोडक्यांत असें: परीक्षकानें एक दिवस वर्गांत येऊन बसण्याऐवजीं छात्राध्यापकानेंच आपल्या वर्गांतील कामाचा पुरावा गोळा करावा आणि त्यावरून त्याचा निर्णय व्हावा. या विचाराचें मूळ १९८० नंतरच्या दशकांत सांपडतें. विषयाचें ज्ञान निराळें आणि तो विषय दुसऱ्याला समजावून देण्याचें ज्ञान निराळें, हा भेद ली शुल्मन यांनीं १९८६ सालीं स्पष्ट मांडला. १९८७ सालीं तेथें अनुभवी शिक्षकांना मानपत्र देणारें एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें; त्यानें वर्गाचीं ध्वनिचित्रणें व मुलांच्या वह्या यांवरून शिक्षकाचें काम जोखण्याचा परिपाठ पाडला. पुढें १९९८ च्या कायद्यान्वयें कॅलिफोर्निया राज्यानें नवशिक्षकांसही अशी कसोटी लावण्याचें ठरविलें, आणि तेथील कांहीं विद्यापीठांनीं एकत्र येऊन ‘पॅक्ट’ नांवाची परीक्षा तयार केली. तिच्याच धर्तीवर स्टॅनफर्ड विद्यापीठांतील एका केंद्रानें ‘एड-टीपीए’ ही परीक्षा रचली. ती २०१३ पासून देशभर सुरू झाली, आणि अनेक राज्यांनीं शिक्षकाचा परवाना मिळण्यास ती सक्तीची केली.

एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करावें तसें या परीक्षेचें परीक्षण करण्याचा आमचा विचार आहे. म्हणून प्रथम तिची रचना सांगतों. छात्राध्यापकानें एका वर्गावर तीन ते पांच लागोपाठचे पाठ घ्यावयाचे. ते योजण्यापूर्वीं आपल्या वर्गांतील मुलें कोण आहेत, त्यांना काय येतें, कोणाला कोणती अडचण आहे, हें लिहावयाचें. मग पाठ घेतांना ध्वनिचित्रण करून त्यांतील एक-दोन सलग तुकडे निवडून पाठवावयाचे; विषयपरत्वें थोडा फरक असला, तरी ते बहुधा एकूण वीस मिनिटांच्या आंतच असत. शेवटीं सर्व वर्गाच्या कामाचा आढावा घेऊन तीन मुलांच्या वह्यांचे नमुने जोडावयाचे, त्यांवर आपण काय शेरे दिले तें दाखवावयाचें, आणि या पुराव्यावरून पुढील पाठ कसा बदलाल, हें सांगावयाचें. या सगळ्याबरोबर पंचवीसेक पानांपर्यंतचें लेखी विवेचन असे. बहुतेक विषयांत पंधरा निकष, प्रत्येकास एक ते पांच गुण, असा हिशेब असे.

गुणग्रहण अगोदर करावें, हा टीकेचा धर्म आहे, आणि येथें गुण खरोखर मोठे आहेत. या परीक्षेचे प्रश्न योग्य आहेत. ‘तुमचें टाचण दाखवा’ एवढ्यावर ती थांबत नाहीं. ‘हेंच टाचण या मुलांसाठीं कां केलें’ असें ती विचारते. ‘पाठ कसा झाला’ या प्रश्नाचें उत्तर ती शिक्षकाच्या आवाजांत शोधीत नाहीं, मुलांच्या वह्यांत शोधते. तीन मुलांच्या वह्या मागण्यांत तर फार शहाणपण आहे. पन्नास मुलांचा सरासरी निकाल सांगणें सोपें. पण ज्या मुलाला कांहीं समजलें नाहीं त्याची वही हातीं घेऊन ‘याची चूक नेमकी कोठें झाली’ हें सांगणें, हेंच शिक्षकाचें काम होय. आम्हीं त्या सहावीच्या वर्गांत जी गुणपत्रिका भरली, तींत मुलांच्या वह्यांना जागाच नव्हती. या दृष्टीनें पाहतां, शिकविणें म्हणजे बोलणें नव्हे, शिकविणें म्हणजे समोरच्याला काय कळलें याचा सतत शोध घेणें, हा सिद्धांत एका परीक्षेच्या रूपानें प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर अमलांत आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मग इतकी चांगली परीक्षा फसली कोठें? कारण ती बऱ्याच अंशीं फसली हें कबूल केलेंच पाहिजे. जॉर्जियानें २०२० सालीं, वॉशिंग्टन राज्यानें २०२१ सालीं, आणि न्यूयॉर्क व न्यू जर्सी यांनीं २०२२ सालीं तिची सक्ति काढून टाकली. त्यापूर्वींच, २०१२ सालीं, परीक्षेचा प्रयोग चालू असतांना, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ६८ छात्राध्यापकांपैकीं ६७ जणांनीं आपलीं ध्वनिचित्रणें पाठविण्याचें नाकारलें होतें. अभ्यासाला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांचा हा हट्ट होता असें म्हणून त्याची वासलात लावतां येणार नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, आम्हांला महिनोन् महिने वर्गांत पाहणारीं माणसें येथें असतां, आम्हांला कधीं न पाहिलेल्या दूरच्या परीक्षकाकडे हा पुरावा कशासाठीं पाठवावयाचा?

आमच्या मतें या प्रश्नांतच सर्व गोष्टींचें मर्म आहे. ‘पॅक्ट’ व ‘एड-टीपीए’ या परीक्षा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. दोघींचे प्रश्न जवळ जवळ तेच. परंतु पॅक्टमधील पुराव्याचे संच त्या त्या विद्यापीठांतील अध्यापकच, रीतसर शिक्षण घेऊन, तपाशीत. त्यामुळें एखाद्या विषयाच्या विद्यार्थ्यांना मुलांच्या चुका वाचतांच येत नाहींत असें दिसलें, तर तो दोष शिकविणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येई आणि आपला अभ्यासक्रम सुधारण्याची बुद्धि त्यांना होई. विद्यार्थ्याची परीक्षा ती गुरूचीही परीक्षा होई. पुढें परीक्षा देशव्यापी झाली. तिचा कारभार पीअर्सन या कंपनीकडे गेला. संच दूरच्या परीक्षकांकडे जाऊं लागले आणि परत आले ते आंकडे. एवढेंच नव्हे, तर परीक्षा निष्पक्ष राहावी म्हणून मार्गदर्शकांवर बंधनें पडलीं: विद्यार्थ्याचा मसुदा सुधारूं नये, कोणता तुकडा पाठवावा हें त्याला सांगूं नये. परीक्षेच्या दृष्टीनें हीं बंधनें रास्त आहेत. परंतु शिक्षणाच्या दृष्टीनें त्यांचा अर्थ असा झाला कीं, पुराव्याविषयीं बोलण्याची ज्या क्षणीं सर्वांत अधिक गरज, त्याच क्षणीं गुरूनें मुकाट्यानें बसावें.

पुरावा कोणापुढें ठेवावयाचा यावर तो पुरावा कोणता असेल हें अवलंबून असतें. वैद्यापुढें मनुष्य आपलें दुखणें उघडें करितो. न्यायाधीशापुढें तोच मनुष्य आपला वकील उभा करितो. ज्या परीक्षकाच्या एका आंकड्यावर आपला परवाना, आपली नोकरी आणि चार वर्षांचें शिक्षण लटकलें आहे, त्याच्यापुढें कोणता शहाणा छात्राध्यापक आपला फसलेला पाठ ठेवील? तो वीस मिनिटें निवडील तीं गुळगुळीत असतील. आमच्या त्या छात्राध्यापिकेच्या हातीं असा कॅमेरा असता, तर रंगीत खडूंचा समुद्र व पटापट उत्तरें देणारीं मुलें यांचें चित्रण तिनें खचित पाठविलें असतें. विहिरीच्या प्रश्नाचीं दोन मिनिटें वगळलीं असतीं. आणि तिला दोष कां द्यावा? मागच्या बांकावर आम्ही वैद्य म्हणून बसलोंच नव्हतों. आम्ही न्यायाधीश होतों. तिनें आमच्याकडे जो एक कटाक्ष टाकला, तो आम्हांला हेंच सांगत होता.

दुसरा दोष लेखनभाराचा. पंचवीस पानांचें विवेचन शिकविण्याविषयीं असलें, तरी तें अखेर लेखन आहे. ज्याची लेखणी चालती आहे तो साधा पाठही शास्त्राच्या भाषेंत सजवील; ज्याचें इंग्रजी घरचें नाहीं, परंतु ज्याच्या वर्गांत मुलें जागीं असतात, तो मागें पडण्याचा संभव राहतो. वॉशिंग्टन राज्यांतील उमेदवारांविषयीं डॅन गोल्डहेबर व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत हिस्पॅनिक वंशाचे उमेदवार गोऱ्या उमेदवारांच्या मानानें तिपटीहून अधिक प्रमाणांत नापास होतात असें आढळलें. ज्या शाळांना त्याच समाजांतील शिक्षकांची नड आहे, त्यांच्या दृष्टीनें हा आंकडा चिंताजनकच म्हटला पाहिजे. शिवाय परीक्षेची फी ३०० डॉलर. नोकरीपूर्वींच्या विनावेतन महिन्यांत एवढी रक्कम काढणें त्या देशांतही सर्वांस सोपें नसतें.

तथापि न्यायाच्या दृष्टीनें त्याच अभ्यासांतील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या परीक्षेंत अधिक गुण मिळविणाऱ्यांना नोकरी मिळण्याचा संभव अधिक दिसला, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रगतीशींही या गुणांचा कांहीं संबंध आढळला, मात्र तो सर्व विषयांत सारखा नव्हता. म्हणजे गुण अगदींच निरर्थक नव्हते. प्रश्न आहे तो असा कीं, एकेका माणसाचें दार लावून घेण्याइतके ते खात्रीचे होते काय?

येथें तिसरा दोष येतो, आणि तो हिशेबाचा आहे. बहुतेक संच एकच परीक्षक वाची. दोघांनीं वाचलेल्या संचांत दोघांचें मत किती जुळतें हें सांगतांना, एका गुणाचा फरक असला तरी ‘जुळलें’ असें धरण्याची रीति प्रसिद्ध झालेल्या अहवालांत होती. वाचकांनीं क्षणभर गणित करून पाहावें. पंधरा निकषांपैकीं प्रत्येकास एका परीक्षकानें तीन गुण दिले तर बेरीज ४५. दुसऱ्यानें प्रत्येकास दोन दिले तर ३०. वरील रीतीनें या दोघांचें मत सोळा आणे जुळलें. पण न्यूयॉर्कनें प्रारंभीं आंखलेली उत्तीर्णतेची रेषा होती ४१ गुणांची. म्हणजे एका परीक्षकाच्या हातीं उमेदवार शिक्षक झाला आणि दुसऱ्याच्या हातीं झाला नाहीं! रटगर्स विद्यापीठांतील ड्रू गिटोमर प्रभृति अभ्यासकांनीं या आंकड्यांची कसून छाननी केली, आणि असल्या गुणांवर परवान्यासारखे निर्णय घेणें तूर्त थांबवावें अशी मागणी केली. आमचें मत त्यांच्याशीं जुळतें. पाठाच्या गुणदोषांची चर्चा करावयास जो निकष उत्तम, तोच दार उघडण्या-मिटण्यास लावला म्हणजे अपुरा पडतो. त्याला त्या कामाचें वजन पेलत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. कोणी म्हणेल, ‘तुम्हांला दूरचा परीक्षक नको, मग जवळच्यांनींच गुण द्यावयाचे ना? त्याचें फळ आम्ही रोज पाहतों. आपल्या महाविद्यालयाचा निकाल चांगला लागावा म्हणून गुरुजन हात सैल सोडतात, ओळखीपाळखी निघतात, आणि सर्वच छात्राध्यापक उत्तम ठरतात.’ हें खरें आहे. आम्हींही भरपूर गुण दिलेच कीं! दूरच्या परीक्षकाची कल्पना निघाली ती याच अनुभवांतून, द्वेषांतून नव्हे. जवळच्या माणसाला दिसतें, पण तो बोलत नाहीं. दूरचा बोलतो, पण त्याला दिसत नाहीं, अशी ही अडचण आहे.

परंतु या अडचणीवर तोडगा नाहीं असें नाहीं. पुरावा गोळा करण्याचीं दोन कामें आहेत. तीं एकमेकांत मिसळूं नयेत. पहिलें काम शिकण्याचें. त्यासाठीं छात्राध्यापकानें आपले पाठ, विशेषतः फसलेले पाठ, आपल्या मार्गदर्शकापुढें ठेवावे. त्यावर खुली चर्चा व्हावी, आणि त्यांतील एकाही गोष्टीस गुण असूं नयेत. दुसरें काम निर्णयाचें. तो निर्णय एका संचावर किंवा एका दिवसाच्या पाठावर न ठेवतां, ज्यांनीं त्याला वर्षभर निरनिराळ्या वेळीं पाहिलें अशा दोघांतिघांनीं मिळून द्यावा. त्यांत शाळेचा वर्गशिक्षक अवश्य असावा, कारण मुलें कोणाच्या तासाची वाट पाहतात हें त्याच्याइतकें कोणालाच ठाऊक नसतें. दूरच्या परीक्षकालाही काम आहे, पण तें निराळें: त्यानें उमेदवारांना गुण देऊं नयेत, थोडे संच नमुन्यादाखल मागवून त्या महाविद्यालयाचा हात सैल आहे काय, हें तपासावें. म्हणजे उमेदवाराची परीक्षा जवळचा घेईल, आणि जवळच्याची परीक्षा दूरचा.

आपल्याकडे या विचाराला आज विशेष जागा आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनीं बी. एड्. चा अभ्यासक्रम एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला, आणि त्यांत निदान वीस आठवडे शाळेंत प्रत्यक्ष काम करण्याची अट आली. वीस आठवडे हा कांहीं थोडा काळ नव्हे. एक पाऊस आणि एक हिंवाळा त्यांत जातो. एवढ्या काळांत नेमून दिलेल्या पाठांचीं टाचणें भरून सह्या घेत हिंडावयाचें, कीं तीन मुलांच्या वह्या चार महिने एकसारख्या पाहून त्यांच्यांत काय पालटलें हें शोधावयाचें, हें ठरविणें नियमांच्या हातीं नाहीं, शिकविणाऱ्यांच्या हातीं आहे. ध्वनिचित्रणाचें यंत्र आतां प्रत्येक छात्राध्यापकाच्या खिशांत आहे. मात्र मुलांचे चेहरे हें परक्यांना दाखविण्याचें सामान नव्हे. पालकांच्या अनुमतीवांचून चित्रण करूं नये, आणि चर्चा होतांच तें पुसून टाकावें, एवढें पथ्य पाळलेंच पाहिजे. खरें पाहतां वह्या पुरेशा बोलक्या असतात. त्यांना यंत्रही लागत नाहीं.

अमेरिकेच्या या प्रयोगाची निंदा करून आपण निश्चिंत व्हावें असा आमच्या लेखाचा हेतु नाहीं. तेथील लोकांनीं एक प्रयोग मोठ्या हिमतीनें केला, त्याचे परिणाम मोजले, ते उघडपणें छापले, आणि चुकलें असें दिसतांच अनेक राज्यांनीं पाऊल मागें घेतलें. आमच्या गुणपत्रिका कोणी मोजल्या आहेत? वर्षानुवर्षें आम्हीं जे गुण दिले त्यांचा पुढें वर्गांत काय प्रत्यय आला, हें कोणी पाहिलें आहे? त्यांच्या परीक्षेंतील प्रश्न आपण जरूर घ्यावे. त्यांच्या परीक्षेचा दरबार तेवढा घेऊं नये.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर, त्या दिवसानंतर पाठनिरीक्षणास गेल्यावर आम्ही गुणपत्रिका प्रथम घडी करून ठेवतों. पाठ संपल्यावर छात्राध्यापकाबरोबर बसून एकच प्रश्न विचारतों: आज कोणत्या मुलाचें तुम्हांला कळलें नाहीं? प्रारंभीं बहुतेकजण घाबरतात आणि ‘सर्वांचें कळलें’ असें सांगतात. हें बोलणें गुणांसाठीं नव्हे अशी खात्री पटली म्हणजे हळूहळू खरें बोलूं लागतात, आणि तेथून पुढें जें बोलणें होतें तें पस्तीस मिनिटांच्या पाठाहून अधिक मोलाचें असतें. ती छात्राध्यापिका आतां कोठल्या तरी शाळेंत शिक्षिका असेल. आमच्या गुणांचा तिला उपयोगही झाला असेल. तो खिडकीजवळचा मुलगाही एव्हांना मोठा झाला असेल. त्याच्या विहिरीचें पाणी मार्चांत कोठें जातें, हें त्याला कोणी सांगितलें कीं नाहीं, हें मात्र आमच्या कोणत्याच कागदावर लिहिलेलें नाहीं.